एक्स-रे ट्यूबमधला अॅनोड फिरवावा का लागतो?

नवशिकी_रेडिओग्राफर:

नमस्कार मंडळी,

रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सध्या एक्स-रे रूमला पोस्टिंग आहे. तीन गोष्टींवर गाडी अडली आहे. पुस्तक दोनदा वाचून झालं, व्याख्या पाठ आहेत, पण आत नेमकं काय घडतं ते डोळ्यांसमोर येत नाही.

पहिली गोष्ट. एक्स्पोजरचं बटण अर्धं दाबलं की ट्यूबमधून घूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येतो. थोड्या वेळात 'रेडी'चा दिवा लागतो आणि मग बटण पूर्ण दाबायचं. सिनियर मॅडम म्हणाल्या, "अॅनोड फिरतोय, त्याला वेग घेऊ दे." पण मुळात तो (ट्यूबच्या धन टोकाची चकती, जिच्यावर इलेक्ट्रॉन आदळतात) फिरवायचा कशाला? इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात, एवढंच असेल तर धातूचा तुकडा एका जागी घट्ट बसवून का भागत नाही?

दुसरी गोष्ट. केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे ट्यूबला दिलेलं व्होल्टेज) आणि एमए (मिलिअँपिअर, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह). केव्ही वाढवला की किरण जास्त भेदक होतात, एमए वाढवला की जास्त संख्येने येतात, हे लिहून गुण मिळतील. पण वीज तर एकच आहे ना? मग ही दोन बटणं वेगवेगळी कशी काय चालतात?

तिसरी. काल एका आजोबांच्या मुलाने विचारलं की एक्स-रे झाल्यावर त्या खोलीत किती वेळ जायचं नाही. काही उरत नाही असं मी सांगितलं, त्यावर तो म्हणाला "का उरत नाही?" त्याला पटेल असं कारण हवं आहे.

सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.


ट्यूब_सर्व्हिस:

तिसरा प्रश्न भौतिकी_मास्तरांसाठी सोडतो, ते माझ्याहून नीट सांगतील. पहिले दोन मी घेतो, कारण माझं रोजचं कामच ते आहे. एक्स-रे आणि सीटी मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये बरीच वर्षं आहे आणि एक्स-रे ट्यूब या वस्तूवर माझा मनापासून जीव आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप जागेवर बसेल. ट्यूबला दिलेल्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. उरलेली नव्व्याण्णव टक्के नुसती उष्णता होते. पुस्तकात हे वाक्य एका ओळीत येतं आणि आपण पुढच्या ओळीवर जातो. माझं म्हणणं असं की तिथेच थांबावं. ट्यूबच्या आत जे जे आहे, त्यातलं बहुतेक सगळं या उष्णतेचं काय करायचं या एका चिंतेतून आलेलं आहे. क्ष-किरण निर्माण करणं हा त्यातला सोपा भाग.

आता आकडे घालून बघू. कमरेच्या मणक्याचा लॅटरल, म्हणजे बाजूने एक्स-रे घ्यायचा आहे. समजा ९० केव्ही, ४०० एमए आणि ०.२ सेकंद, म्हणजे ८० एमएएस (एमए गुणिले सेकंद). ९० हजार व्होल्ट गुणिले ०.४ अँपिअर म्हणजे ३६ हजार वॅट. एवढी शक्ती ०.२ सेकंद चालली, म्हणजे सुमारे ७,२०० जूल ऊर्जा. आता ही ऊर्जा पडते कुठे, तर फोकल स्पॉटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत पडतो त्या ठिपक्यावर, आणि तो असतो काही चौरस मिलिमीटरचा. फोकल स्पॉट जितका लहान तितकी इमेजची कड रेखीव, त्यामुळे तो मोठा करून पळवाट काढता येत नाही. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, सगळ्या धातूंमध्ये हा वितळणबिंदू सर्वांत वरचा. तरीसुद्धा ३६ किलोवॅट इतक्या छोट्या जागी ०.२ सेकंद पडू दिले तर तोही तग धरत नाही. वरचा थर वितळून खड्डा पडेल.

म्हणून चकती फिरवायची. इलेक्ट्रॉनांचा झोत आपल्या जागी स्थिर असतो, त्याच्याखालून धातू सरकत राहतो. झोत जिथे पडतो त्या पट्ट्याचा व्यास ८ सेंटिमीटर धरा, म्हणजे परीघ झाला सुमारे २५ सेंटिमीटर. स्पॉटची रुंदी १.२ मिलिमीटर. म्हणजे जी उष्णता एका ठिपक्याने सोसायची ती आता त्याच्या दोनशे पट लांबीच्या पट्ट्यात वाटली गेली. चकती मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते, तेव्हा पट्ट्यावरचा कुठलाही एक बिंदू झोताखाली येतो तो सेकंदाच्या दहाहजाराव्या भागापुरता. लगेच बाहेर पडतो आणि उरलेला फेरा निवत राहतो. जास्त ताकदीच्या कामासाठी हाच वेग ९-१० हजार फेऱ्यांपर्यंत नेतात.

तुम्हाला ऐकू येणारा घूंऽऽ तो हाच. अर्धं बटण दाबलं की दोन कामं एकदम सुरू होतात. चकती वेग घेते, आणि मंद तापवून ठेवलेला फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) पूर्ण तापमानाला जातो. दोन्ही तयार झाल्याशिवाय मशीन एक्स्पोजर देतच नाही. चकती थांबलेली असताना झोत पडला तर ट्यूब गेलीच म्हणून समजा, म्हणून ही राखण.

हे लिहिताना माझ्या टेबलावर एका निकामी ट्यूबमधली चकती आहे. व्यास १० सेंटिमीटर, हातात घेतली की मनगटाला वजन जाणवतं. मध्ये सपाट, कडेकडेला उतरती. उतारावर गोल पट्टा आहे, तीच इलेक्ट्रॉन पडायची जागा. बाकी चकतीला अजून धातूची चमक आहे, पट्टा मात्र राखाडी आणि खरखरीत. भिंग लावून पाहिलं तर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडतात तशा बारीक भेगांची जाळी सगळीकडे दिसते. दर एक्स्पोजरला वरचा थर क्षणात तापून फुगतो, खालचा थंड असतो, आणि या ओढाताणीत पृष्ठभाग तडकत जातो. टंगस्टनमध्ये थोडं रेनियम मिसळतात ते हे तडकणं लांबवण्यासाठी. भेगा खोल झाल्या की तिथे निघालेले काही किरण धातूतच अडकतात आणि तेवढ्याच सेटिंगला ट्यूबचं आउटपुट कमी पडायला लागतं. (कुणी कुतूहलापोटी जुनी ट्यूब फोडायला जाऊ नये. आत निर्वात असतो, काच आतल्या बाजूला फुटते आणि तुकडे उडतात. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, ट्यूबच्या खिडकीत बेरिलियम असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.)

चकतीचा उतार नीट पाहा, कारण त्यात मोठी हुशारी आहे. झोत पडतो तो पट्टा प्रत्यक्षात ५-६ मिलिमीटर लांब असतो. पण उतार साधारण १२ अंशांचा असल्यामुळे पेशंटच्या बाजूने पाहिलं की तोच पट्टा आखडून १.२ मिलिमीटरचा दिसतो. उष्णता मोठ्या जागेवर पडते आणि इमेजला स्पॉट लहान मिळतो. हे मला ट्यूबमधलं सगळ्यात देखणं काम वाटतं, त्यात एक पैशाचा खर्च नाही आणि एकही जादा पुर्जा नाही.

आता उष्णता चकतीतून बाहेर कशी जाते? सभोवार निर्वात आहे, तेव्हा हवेने थंड होण्याचा प्रश्न नाही. दांड्यातून वाहून गेली तर बेअरिंगचा सत्यानाश होईल, म्हणून दांडा मुद्दाम मॉलिब्डेनमचा आणि बारीक ठेवतात, त्यातून उष्णता कमी जाते. उरतो एकच मार्ग, चकतीने तापून प्रारणाने उष्णता बाहेर फेकायची. म्हणून मोठ्या ट्यूबमध्ये चकतीच्या पाठीला ग्राफाइट चिकटवतात. ते हलकं असतं, उष्णता साठवतं आणि काळं असल्याने भराभर बाहेर टाकतं. तिथून उष्णता काचेपलीकडच्या तेलात, तेलातून हाउसिंगमध्ये (ट्यूबच्या बाहेरच्या कवचात) आणि मग खोलीतल्या हवेत. तेल तापून फुगतं, त्यासाठी हाउसिंगमध्ये रबरी घडीचा फुगा ठेवलेला असतो. तो फार फुगला की स्विच दाबला जातो आणि मशीन एक्स्पोजर द्यायचं नाकारतं. हे तेल विद्युतरोधकही आहे, म्हणून ९० हजार व्होल्ट हाउसिंगला न पोचता आतच राहतात.

बेअरिंगचंही सांगतो. निर्वातात तेल किंवा ग्रीस चालत नाही, वाफ होऊन निर्वात बिघडतो. म्हणून बेअरिंगच्या गोळ्यांवर चांदीचा किंवा शिशाचा पातळ थर असतो, तेच वंगण. हा थर झिजतो. अर्धं बटण दाबून उगाच धरून ठेवलं की हा थरही झिजतो आणि फिलामेंटही. दोन-अडीच हजार अंशांना तापलेल्या फिलामेंटचा टंगस्टन थोडा थोडा उडत असतो, तार बारीक होते आणि उडालेला धातू काचेच्या आतून बसतो. जुन्या ट्यूबच्या काचेवर तांबूस-काळसर आरसा दिसतो तो हाच. तो जाड झाला की इलेक्ट्रॉन तिकडे ओढले जातात, आत ठिणगी पडते आणि मशीन ट्रिप होतं. तेव्हा हात जोडून विनंती, पेशंटला सगळं सांगून, जागा जुळवून झाल्यावरच अर्धं बटण दाबा.

आता केव्ही आणि एमए. इथे थोडा इतिहास लागेल. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्ट्सबर्गमध्ये हे किरण पाहिले, तेव्हा त्यांच्याकडच्या नळीत तापलेला फिलामेंट नव्हताच. नळीत थोडा वायू शिल्लक असायचा, उच्च विद्युतदाबाने त्याचे आयन व्हायचे, ते ऋण टोकावर आदळून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे. म्हणजे व्होल्टेज वाढवलं की प्रवाहही बदलायचा, आणि वापरता वापरता आतला वायू कमी झाला की नळीचा सगळा स्वभावच बदलायचा. तुम्ही विचारलेली अडचण त्या काळी अगदी खरी होती, दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या.

त्या सोडवल्या विल्यम कूलिज यांनी, १९१३ मध्ये. नळी जवळजवळ पूर्ण निर्वात केली आणि इलेक्ट्रॉनसाठी टंगस्टनचा तापणारा फिलामेंट बसवला. तार जितकी गरम तितके जास्त इलेक्ट्रॉन तिच्यातून सुटतात. म्हणजे इलेक्ट्रॉन किती, हे ठरतं तारेच्या तापमानावरून. ते किती जोराने धावतील, हे ठरतं दोन टोकांमधल्या व्होल्टेजवरून. तुम्ही म्हणता ती "एकच वीज" आत खरं तर दोन वेगळ्या सर्किटांतून येते. फिलामेंटचं सर्किट दहा-बारा व्होल्टचं आणि ४-५ अँपिअरचं. ट्यूबचं सर्किट हजारो व्होल्टचं आणि काहीशे मिलिअँपिअरचं. एमए बदलला की मशीन फिलामेंटचा प्रवाह किंचित बदलतं, तेवढ्याने ट्यूबमधला प्रवाह बराच बदलतो. फक्त केव्ही फार कमी असताना तारेभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग साचून नव्यांना अडवतो, त्याची भरपाई मशीन स्वतः करतं.

१ एमए म्हणजे सेकंदाला ६.२४ गुणिले १० चा १५ वा घात इतके इलेक्ट्रॉन. १०० केव्हीला ते चकतीवर पोचतात तेव्हा त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५५ टक्के असतो, आणि हा वेग ते जेमतेम दोन-एक सेंटिमीटरच्या अंतरात घेतात. मला हा आकडा अजूनही थक्क करतो.

फिरता अॅनोड बाजारात आला तो त्यानंतर, १९२९ मध्ये, फिलिप्समध्ये आल्बर्ट बाउवर्स यांच्या कामातून. निर्वात काचेच्या आतली चकती फिरवायची तर बाहेरून दांडा घालता येत नाही, निर्वात जाईल. म्हणून मोटरचा रोटर (फिरणारा भाग) काचेच्या आत आणि स्टेटरची (स्थिर भागाची) गुंडाळी काचेच्या बाहेर. चुंबकीय क्षेत्र काचेतून आरपार जातं आणि चकती फिरते.


भौतिकी_मास्तर:

ट्यूब_सर्व्हिस यांनी उष्णतेची बाजू उत्तम मांडली आहे. उरलेल्या एका टक्क्याबद्दल थोडं, आणि मग आजोबांच्या मुलाचा प्रश्न.

इलेक्ट्रॉन टंगस्टनमध्ये घुसला की बहुतेक वेळा तो तिथल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना छोटे छोटे धक्के देत ऊर्जा गमावतो. हीच उष्णता. क्वचित तो एखाद्या अणुकेंद्राच्या जवळून जातो, त्याच्या ओढीने वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने टाकतो. कधी थोडी टाकतो, कधी जास्त, फार क्वचित सगळीच्या सगळी. म्हणून ९० केव्हीवर निघणारे सगळे किरण ९० केईव्हीचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) नसतात. ९० ही वरची मर्यादा, खाली सगळ्या ऊर्जांची मिसळ. सरासरी वरच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. अणुकेंद्रावरचा भार जितका मोठा तितकं हे जास्त घडतं, म्हणून ७४ अणुक्रमांकाचा टंगस्टन.

दुसरा प्रकार असा, की धडकेने टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉनच बाहेर फेकला जातो आणि त्या रिकाम्या जागी वरचा उतरतो. हे किरण ठरावीक ऊर्जेचे असतात, टंगस्टनसाठी मुख्यतः ५८ आणि ५९ केईव्हीच्या आसपास. पण आतला इलेक्ट्रॉन काढायला ६९.५ केईव्ही लागतात, म्हणून ७० केव्हीच्या खाली एक्स्पोजर दिलं तर हे किरण मिळतच नाहीत. मॅमोग्राफीत टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनमचं टार्गेट वर्षानुवर्षं वापरलं गेलं ते त्याच्या १७.५ आणि १९.६ केईव्हीच्या किरणांसाठी. मऊ ऊतींमधला बारीक फरक एवढ्याच ऊर्जेला उठून दिसतो.

मिसळीतले अगदी कमी ऊर्जेचे किरण पेशंटच्या त्वचेतच जिरतात. इमेजला उपयोग शून्य, डोस मात्र वाढतो. म्हणून खिडकीपाशी अॅल्युमिनिअमचा फिल्टर असतो. ७० केव्हीच्या वर चालणाऱ्या ट्यूबला एकूण गाळण किमान २.५ मिलिमीटर अॅल्युमिनिअमइतकं असावं लागतं. हा छोटा पत्रा पेशंटसाठी फार मोठं काम करतो.

आता खोलीत काय उरतं. क्ष-किरण हा प्रकाशाचाच भाऊबंद, त्याच वेगाने धावतो. तीन मीटरची खोली ओलांडायला त्याला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. भिंतीत जिरला की संपला. उच्च विद्युतदाब बंद झाला की इलेक्ट्रॉन धावायचे थांबतात आणि नवे किरण तयार होत नाहीत. शिवाय या ऊर्जेचे किरण भिंतीला, हवेला किंवा पेशंटच्या शरीराला किरणोत्सारी करू शकत नाहीत. त्यासाठी अणुकेंद्रात बदल घडवावा लागतो आणि तो घडवायला कित्येक पट जास्त ऊर्जा लागते. त्या मुलाला सांगा, दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच हे आहे. ट्यूबमध्ये किरणोत्सारी पदार्थ नसतोच, आहे ती फक्त वीज.


वॉर्डातली_मीरा:

मी वीस-बावीस वर्षांपासून रेडिओग्राफर आहे. ट्यूबच्या आतलं ज्ञान टेबलापाशी कसं उपयोगी पडतं ते सांगते, कारण पहिल्या वर्षाला हा सांधा कुणी जुळवून देत नाही.

ट्यूबच्या एका टोकाला अधिक आणि दुसऱ्या टोकाला उणे असं चिन्ह असतं. बघून ठेव. अधिकच्या बाजूला अॅनोड, उणेच्या बाजूला कॅथोड (फिलामेंट असतो ते टोक). वर चकतीचा जो उतार सांगितला, त्याची किंमत इथे मोजावी लागते. किरण धातूच्या थोड्या आतून निघतात, आणि अॅनोडच्या बाजूला जाणाऱ्यांना धातूतून जास्त वाट काढावी लागते. म्हणून त्या बाजूला बीम कमजोर, कॅथोडच्या बाजूला जोरदार. याला हील इफेक्ट म्हणतात. म्हणून शरीराची जाड बाजू कॅथोडकडे ठेवायची. मांडीच्या हाडाला खुबा कॅथोडकडे, गुडघा अॅनोडकडे. छातीच्या मणक्याच्या एपीला (समोरून घेतलेल्या एक्स-रेला) डोकं अॅनोडकडे. मॅमोग्राफीच्या मशीनमध्ये तर हे बनवतानाच ठरवलेलं असतं, कॅथोड छातीच्या बाजूला. छातीच्या एक्स-रेला १८० सेंटिमीटर अंतर असतं, तिथे बीमचा मधला भागच वापरला जातो, त्यामुळे फरक कमी जाणवतो.

दुसरं, फोकल स्पॉट. बहुतेक ट्यूबमध्ये दोन फिलामेंट असतात, लहान आणि मोठा. बोटं, मनगट, पावलाला लहान घ्यायचा, ०.६ किंवा त्याच्या आसपासचा. हाडातली केसाएवढी भेग त्यातच दिसते. कमरेला लहान घ्यायला गेलीस तर मशीन एमए कमी करायला लावतं, वेळ वाढतो आणि पेशंट हलतो. आता यामागचं कारण तुला कळलंच असेल.

केव्हीबद्दल एक हिशोब कामाचा आहे. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवला तर एमएएस निम्म्यावर आणता येतो आणि इमेजची घनता साधारण तीच राहते. पेशंटचा डोस कमी होतो, चकतीवरची उष्णताही. पण कॉन्ट्रास्ट थोडा पडतो, त्यामुळे जिथे हाडाचं बारीक काम बघायचंय तिथे हात आखडता घे.

आणि श्वासाचं. "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायच्या आधीच काही जण अर्धं बटण दाबून उभे राहतात. मी "श्वास घ्या" म्हणताना अर्धं दाबते. पेशंट श्वास भरून स्थिर होईपर्यंत 'रेडी' लागलेला असतो. दम्याच्या पेशंटला जास्त वेळ श्वास धरवत नाही, त्याच्यासाठी हे जुळणं फार गरजेचं आहे.


नवशिकी_रेडिओग्राफर:

सगळ्यांचे खूप खूप आभार. मीराताई, आज सकाळीच ट्यूबवरची चिन्हं बघून आले, आमच्याकडे कॅथोड टेबलाच्या पायाकडच्या बाजूला आहे. मास्तर, तुमचं दिव्याचं उत्तर त्या मुलाला सांगितलं, तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला "मग ठीक आहे".

ट्यूब_सर्व्हिस दादा, अजून दोन शंका. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी कॉलिमेटर (बीमची रुंदी ठरवणारी झडप) बंद करून दोन-तीन रिकामी एक्स्पोजर देतात, ते याच उष्णतेसाठी का? ट्यूब थंड असेल तर उलट बरंच नाही का? आणि दातांच्या एक्स-रेचं मशीन पाहिलं, त्यात घूं आवाज आलाच नाही. तिथे अॅनोड फिरत नाही?


ट्यूब_सर्व्हिस:

थंड ट्यूब बरी असं वाटणं साहजिक आहे, पण थंड टंगस्टन ठिसूळ असतो. रात्रभर गार पडलेल्या चकतीवर एकदम मोठं एक्स्पोजर मारलं तर पट्टा क्षणात हजारो अंश तापतो आणि मधला भाग खोलीच्या तापमानाला असतो. अशाने चकती कडेपासून मध्यापर्यंत चिरते. मी बदललेल्या एका ट्यूबमध्ये अशी चीर सरळ दांड्यापर्यंत गेलेली होती. त्या ठिकाणी वॉर्म-अप करायला वेळ नाही म्हणून तो बंद करून टाकला होता, आणि नवी ट्यूब येईपर्यंत विभाग ठप्प राहिला. पेशंट दुसरीकडे पाठवावे लागले, त्यात अपघाताचेही होते. याची मला अजून चीड येते, कारण दोन मिनिटांचं काम होतं. उत्पादकाने दिलेल्या पद्धतीने हलकी एक्स्पोजर देत चकती आतपर्यंत कोमट करायची, कॉलिमेटर पूर्ण मिटलेला, खोलीत कुणी नाही, दार बंद. दिवसभरात बराच वेळ मशीन पडून राहिलं तर पुन्हा करायचं.

सीटीत हा ताण कितीतरी मोठा आहे. १२० केव्ही, ३०० एमए, १० सेकंद म्हणजे ३ लाख ६० हजार जूल. वरच्या कमरेच्या एक्स-रेच्या पन्नास पट. आणि वर ट्यूब स्वतःच पेशंटभोवती गरागरा फिरते आहे, म्हणजे बेअरिंगवर चकतीच्या वजनाच्या कित्येक पट भार. म्हणून बऱ्याच सीटी ट्यूबमध्ये आता गोळ्यांचं बेअरिंग नाही. गॅलियम, इंडियम आणि कथिलाचा मिश्रधातू असतो, जो खोलीच्या तापमानालाही द्रव असतो. दांडा त्या द्रव धातूच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, घासत नाही म्हणून झिजत नाही, आणि उष्णताही त्यातून बाहेर वाहते. २००३ मध्ये सीमेन्सने स्ट्राटॉन नावाची ट्यूब आणली, त्यात तर अॅनोडसकट सगळी निर्वात नळीच तेलात फिरते आणि अॅनोडची पाठ थेट तेलाला लागते. उष्णतेला वाट करून द्यायची म्हणून माणसं कुठवर गेली बघा.

तुमच्या रूममधल्या ट्यूबचं बेअरिंग मात्र गोळ्यांचंच असणार, तेव्हा कान उघडे ठेवा. एक्स्पोजर झाल्यावर चकती थांबत जातानाचा आवाज रोज ऐकून ओळखीचा होतो. त्यात खरखर आली, किंवा चकती नेहमीपेक्षा फार लवकर थांबायला लागली, तर इंजिनिअरला त्याच दिवशी कळवा. ट्यूब अचानक बंद पडण्याआधी बेअरिंग बहुतेक वेळा असा इशारा देतं.

दातांच्या मशीनचं निरीक्षण बरोबर आहे, तिथे अॅनोड स्थिर असतो. ७० केव्ही आणि ७ एमए धरा, गुणाकार येतो ४९० वॅट. कमरेला आपण ३६ हजार वॅट मोजले होते. दाताला जाडी कमी, बीमचा गोल लहान, ट्यूब गालाला जवळजवळ लागलेली, त्यामुळे एवढी शक्ती पुरते. तांब्याच्या जाड ठोकळ्यात टंगस्टनची छोटी चकती तिरकी बसवलेली असते. किरण टंगस्टन देतो, उष्णता तांबं ओढून घेतं. अशा मशीनमध्ये फिलामेंटलाही वेगळा वेळ देऊन तापवावं लागतंच, पण त्याचा आवाज येत नाही. फक्त एकामागून एक भराभर एक्स्पोजर देता येत नाहीत, मध्ये थांबावं लागतं, आणि किती थांबायचं ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. डेंटल पोस्टिंग लागली की ते पान आधी वाचून घ्या.